साठ मुक्कामांवरची लेक

दगडाबाईला किलोमीटर कळत नाहीत, मुक्काम कळतो. आटपाडीकडच्या माळावरून मेंढरं घेऊन तिने हयातभर पायपीट केली. बाया घोड्यांवर संसार लादून पुढे जायच्या, गडी मेंढरांमागे. बाईने तीन दगड मांडून चूल पेटवली, की तो मुक्काम. एका चुलीपासून दुसऱ्या चुलीपर्यंत, एवढंच तिचं माप.

एकुलती लेक राणी कोइमतूरला दिली. जावई नानासोचं तिथे सोनं गाळायचं दुकान. इकडची कितीतरी पोरं याच धंद्यापायी देशभर पांगलीत. लग्न ठरलं तेव्हा दगडाबाईने मास्तरांना विचारून अंतर ठरवून घेतलं. साठ मुक्काम. अकरा वर्षांत राणी दोनदा आली, त्यातही एकदा बाप गेल्यावर, तिसऱ्या दिवशी. दगडाबाईने तोंड वाकडं केलं नाही. कुणी खोचून विचारलंच तर म्हणायची, "साठ मुक्काम हायती बाई. लेकरं घिऊन कशी येईल?" त्या उत्तराच्या आधारावर तिने अकरा वर्षं काढली.

यंदा बिरोबाच्या जत्रेआधी राणीचा फोन आला.

"आये, आता इमान हाय. पुण्यापातूर पावणेदोन तास. जत्रंला येते."

दगडाबाईला खरं वाटेना. पुतणी प्रांजलने मोबाइलमध्ये विमानाची वेळ बघून सांगितलं, "व्हय काकी. नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. फुडं पुण्यास्नं हितं गाडीनं पाच."

पावणेदोन तासांत मेंढरं वाड्यातून ओढ्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. बाई हरखून गेली. घर सारवलं, राणीचं जुनं घोंगडं धुऊन वाळत घातलं. तेवढ्यावर गप्प बसायचं ना, पण नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पावणेदोन तासांचं सांगत सुटली.

जत्रा भरली, भंडारा उधळला, पाहुणे जेवून गेले. राणी आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. पोरांची परीक्षा, दुकानात गर्दी, नानासो सोडत नाहीत. दिवाळीला बघू.

दगडाबाईला लेक हवी होती, दुसरं काही नको होतं.

"राणे, इमानाचं मी साऱ्या गावाला सांगून बसले गं. आता लोकास्नी काय सांगू?"

पलीकडून राणीचा ओला आवाज आला. "सांग, इमान बंद पडलं."

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या विजयमालाने गाठलंच. "काय गं, पावणेदोन तासच की. आली न्हाई लेक?"

दगडाबाईने घागर नळाखाली सरकवली.

"इमान बंद पडलं बाई," ती म्हणाली. "परत साठ मुक्काम."