टाकीतली पोरं

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी पेडण्यातल्या माझ्या लाँड्रीत पाऊल टाकलं आणि कान टवकारले... मागच्या टाकीचा आवाज बदलला होता. रोजचा खळखळाट नाही, नुसती दबकी गुडगुड.

जाऊन बघतो तर टाकीवर हातभर पांढरा फेस!

मांद्र्याच्या गेस्टहाऊसच्या चादरी आमच्याकडे धुतात. ते साबणाचं पाणी या टाकीत येतं. टाकीतल्या काळ्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते साबणातलं केमिकल खातात. मी त्यांना पोरं म्हणतो... आपण फक्त पंपाने हवा द्यायची. निवळलेलं पाणी शेजारच्या भिकूकाकांच्या माडांना जातं.

"बाबा, हो फेस माझ्या माडांक नाका हां," काका कुंपणावरूनच म्हणाले. बरोबरच होतं. मशिनं बंद केली... पर्यटकांचा सीझन नुकता सुरू झालेला, चादरींचे ढीग दारात!

तेवढ्यात बायको, सुमन, पदर खोचून आली. "अहो, दिवाळी आयली. सगळां घर घासलां, ती टाकी तेवढी घाण ठेवूची? ब्लीचिंग पावडर घातली."

"अगे, ती घाणच आमका पोसता! मेली ती पोरां..."

ती टाकीत वाकून बघत म्हणाली, "म्हणजे विरजण मेलां. दुसऱ्याकडसून हाडूया की!"

आधी नुसती हवा सोडून टाकीतलं ब्लीचिंग उडू दिलं. मग मांद्र्याच्या एका ओळखीच्या हॉटेलातून, तशाच टाकीतला गाळ कॅनमध्ये भरून आणला. गाडीभर वास... पण सुमनने कॅन दोन्ही पायांत धरलेला, वळणावर मलाच दटावत होती, "सावकाश, हिंदकळता!"

चादरी थोड्या थोड्या धुवायला घेतल्या. फेस हळूहळू बसला, गाळाला पुन्हा रंग आला. आणि एका सकाळी ओळखीचा खळखळाट ऐकला... भिकूकाकांनी स्वतः पाण्याचा पाइप ओढून नेला.

दिवाळीला लाँड्री बंद. काकांकडे गोडाचे फोव, म्हणजे गुळाचे पोहे, पोचवून सुमन परत आली आणि टाकीपाशी थांबली. "अहो, आज धुणां नाय. मगे ती पोरां खातली कितें?"

एका दिवसाने त्यांचं काही बिघडत नाही, मला ठाऊक होतं. पण मी बादली आणून दिली. फोवांसाठी चिरलेल्या गुळातला उरलेला तिने पाण्यात कालवला आणि टाकीत सोडला...

लोक म्हणतात, हा धंदा मी एकट्याने उभा केला. न दिसणारे हे कामगार आणि त्यांना जेवलात का विचारणारी ही बाई नसती, तर कधीच फेसात गेलो असतो. दोघांचंही... देव बरें करूं.