माळावरचा चेलो

आळेफाट्याला नाशिकच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा मुलाचा फोन आला. "आई, माघारी ये. आत्या गेली." सकाळी निघताना इंदूताई ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. "वहिनी, तिकडून चिवडा आणा. द्राक्षं नकोत, आपलीच बरी," असं मला म्हणाल्याही होत्या. चहा संपवून आत जाऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत. मी रस्ता ओलांडून परत घराकडे, ओतूरच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन व्हतं तुमचं?" नणंद, एवढंच सांगितलं… पण नणंद म्हणजे किती कमी सांगितलं, हे मला गाडीतच जाणवलं.

आमच्या सासरी पूर्वी मेंढरांचा मोठा वाडा होता. मी आले तेव्हा शेती वाढली होती, मेंढरं थोडीच उरली होती. इंदूताई लहान असतानाच त्यांची आई गेली, आणि मावशी त्यांना मुंबईला घेऊन गेली. मावशी एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडे स्वयंपाकाला होती. ते चेलो वाजवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, जमिनीवर टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवायचं. मावशीच्या भाकरी होईपर्यंत ही मुलगी दाराशी बसून ऐकायची. त्या सरांना मूलबाळ नव्हतं. एक दिवस त्यांनी तारांवर फिरवायचा गज तिच्या हातात दिला, आणि शाळा सुटली की रोज शिकवायला लागले. पुढे त्यांच्याच शब्दावर इंदूताईंना सिनेमाच्या वाद्यवृंदात काम मिळालं. चेलोच्या रांगेत त्या एकट्या बाई.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत, ओतूरच्या स्टँडवर. एवढी थोरली काळी पेटी, आणि तिला मिठी मारून उतरणारी सडपातळ बाई. कंडक्टर मागून ओरडत होता, "ताई, पुढच्या येळेला पावन्याचं तिकीट काढा!" त्या वळून म्हणाल्या, "काढीन, पण मग खिडकीची जागा द्यावी लागंल हां भाऊ." सगळा स्टँड हसला.

घरी मात्र कुणी हसलं नाही. सासरे, त्यांना सगळे दादा म्हणत, पेटीकडे बघून आत निघून गेले. मला नंतर कळलं. तळेघरकडच्या एका चांगल्या घरातलं स्थळ दादांनी ठरवलं होतं, शब्दही दिला होता. मुलाकडच्यांनी एकच अट घातली, ते वाजवणं बंद. इंदूताईंनी चार माणसांत नकार दिला. दादांची मान खाली गेली. त्यांनी मुलीला घराबाहेर काढलं नाही, बोलणंही टाकलं नाही. फक्त सांगितलं, "इंदे, तू कवाबी ये. पन माज्या घरात ते वाजायचं न्हाई."

तरीही त्या दर दिवाळीला पेटी घेऊनच यायच्या. दिवसभर हात चालला नाही तर बोटं रुसतात, म्हणायच्या. मग आम्ही दोघी घरामागच्या माळावर जायचो. त्या खडकावर बसून वाजवायच्या, मी खाली बसून मेथीची भाजी निवडायची. मेंढरं चरता चरता माना वर करून बघत. "वहिनी, ह्यांच्यासारखे श्रोते मुंबईत नाहीत. मध्येच उठून चहाला जात नाहीत," म्हणायच्या. मला त्यातलं काही कळत नसे. पण त्या वाजवायला लागल्या की माझं निवडणं थांबायचं, एवढं खरं.

पुढे सिनेमात यंत्रं आली. एक माणूस विजेवरच्या एका वाद्यावर पन्नास जणांचं वाजवायला लागला. इंदूताईंचं काम आटलं. त्या शिकवण्या करू लागल्या, आणि पाश्चात्त्य संगीताच्या एका वाद्यवृंदात वाजवू लागल्या. एकदा मी मुंबईला ऐकायला गेले. काळ्या साडीत, पहिल्या ओळीत, डोळे मिटून बसलेल्या इंदूताई मला ओळखूच येईनात. परत आल्यावर दादांनी गोठ्यात गाठून हळूच विचारलं, "लई मान्सं व्हती का?" म्हटलं, "हॉल भरला होता." "आन ही कुटं बसली व्हती?" "पुढं." मान हलवून त्यांनी वैरण टाकायला घेतली.

साठीला आल्यावर त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. औषधं झाली, शेक झाले. शेवटी वाद्यवृंद सोडून त्या ओतूरला कायमच्या आल्या. पेटी कॉटखाली गेली. माळावर जाणंही थांबलं. तोवर दादाही खाटेला खिळले होते. एका दुपारी इंदूताई त्यांना पेज भरवत होत्या. दादांनी चमचा बाजूला सारला.

"इंदे, ते तुजं… वाजीव की."

"दादा, आता बोटं चालत नाहीत माझी."

"मला तरी कुटं नीट ऐकू येतंय? वाजीव."

त्यांनी पेटी ओढून काढली. तारा सुरात लावायलाच वेळ गेला. मग खाटेलगत स्टुलावर बसल्या आणि गज फिरवला. सूर फाटला. पुन्हा फिरवला. अवघड काही जमेना, म्हणून बोट न दाबता नुसत्या मोकळ्या तारांवर गज लांब, सावकाश ओढत राहिल्या. दादांनी हात पुढं करून त्या लाकडावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मेंढी कोकराला हाक मारती ना… तसं हाय की गं हे," दादा म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

इंदूताई रडत रडत वाजवत होत्या. मी दारात उभी होते, तिथूनच परत फिरले.

त्यानंतर दादा गेले तोवर रोज दुपारी ते व्हायचं. आणि दादांनंतरही इंदूताईंनी थांबवलं नाही, त्याच खोलीत, त्याच जागी बसायच्या. आखडलेल्या बोटांना झेपेल तेवढंच, पण रोज. म्हणायच्या, "आता कुठं मला वाजवायला यायला लागलंय, वहिनी."

चेलो आता त्यांची पुण्यातली एक विद्यार्थिनी घेऊन गेली. तसंच त्यांनी सांगून ठेवलं होतं. खोली रिकामी आहे. पण चेलोच्या पायाला लोखंडी टोक असतं, ते रोज एकाच जागी रुतून शहाबादी फरशीत एक खळगा पडलाय, बोटाचं पेर मावेल एवढा. फरश्या बदलू या, असं मुलगा म्हणतो. बदल बाबा, सगळ्या घराच्या बदल. ही खोली तेवढी राहू दे. दुपारी झाडायला गेले की माझा कुंचा तिथं आपोआप थांबतो. मी जरा वेळ खाली बसते. मग उरलेली खोली झाडते.