विद्याचं नऊ दिवसांचं गणित

दुरुस्त झालेलं यंत्र लोक विसरतात. दुरुस्त न होणाऱ्या यंत्राभोवती मात्र माणसं जमतात आणि किस्से साठतात. लातूरच्या आमच्या भौतिकशास्त्र विभागातला एक संगणक चालता चालता आपोआप रीस्टार्ट व्हायचा. किनवटची विद्या त्यावर मुरुडकडच्या विहिरींच्या पाण्याचं पीएच.डी.चं गणित चालवत होती. त्याला सलग नऊ दिवस लागत. मध्ये रीस्टार्ट झाला की पुन्हा शून्यापासून. तिचे मार्गदर्शक महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्याआधी निकाल आला नाही, तर प्रबंध रखडणार होता. कारण शोधण्याचं काम माझ्याकडे आलं.

*

संगणक नांदेडच्या गफूरभाईंनी जोडून दिलेला. प्रोसेसर कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्याची सेटिंगही त्यांचीच. मी फोन केला.

"कंपनी घोड्याला लगाम घालून पाठवते, मॅडम. मी जरा सैल केला."

"तुमचा घोडा दिवसातून दोनदा बसतो."

"बसून आपला आपण उठतो ना? जनावर चांगलं हाय."

मी वेग मूळ आकड्यावर आणला. दुपारी संगणक पुन्हा रीस्टार्ट झाला. आरोपी निर्दोष निघाला, हे मला पचायला जड गेलं.

*

मग कॅबिनेट उघडलं आणि थक्क झाले. प्रोसेसरच्या पंख्यावर हळदकुंकू, पात्यांत अक्षता, तळाशी झेंडूचं वाळलेलं फूल. आमचे शिपाई व्यंकटमामा दारातच उभे होते.

"मामा, खंडेनवमीची पूजा बाहेरून करतात."

"बाहेरून केली तर आतल्याला कसं कळंल, मॅडम? चारच तर स्क्रू हायेत."

ब्रशनं सगळं साफ केलं. तापमान उतरलं. रीस्टार्ट थांबले नाहीत.

*

आता मी प्रत्येक रीस्टार्टची वेळ लिहू लागले. आठवडाभर तक्ता भरला: रोज अकराच्या आणि चारच्या सुमारास.

विद्यानं तो पाहिला. "मॅडम, या आपल्या चहाच्या वेळा आहेत."

वायर शोधत कपाटामागे गेलो. संगणकाच्याच एक्स्टेंशन बोर्डवर मामांची इलेक्ट्रिक शेगडी.

"हाव, तिथंच लावतो," मामा म्हणाले. "बाकीचे बोर्ड लई ढिल्ले हायेत."

मी तक्त्याकडे पाहिलं. जवळजवळ प्रत्येक नोंदीशेजारी कपाचा गोल डाग होता.

*

शेगडी दुसऱ्या खोलीत गेली. मूळ वेगानं बारा दिवस लागले असते, म्हणून गफूरभाईंचा वेग परत दिला. निवृत्तीला पंधरा दिवस होते. विद्यानं गणित सुरू केलं.

गफूरभाई रोज फोनवर "तबियत कशी हाय?" विचारत. एका सकाळी व्यंकटमामा तापलेल्या पोर्चमधून अनवाणी आले. "पोरीचं गणित पुरं होईस्तोवर पायात काही घालायचं न्हाई, असं बोललोय देवाला."

नवव्या दिवशी पडद्यावर निकाल उमटला. मामांनी पेढे वाटले, चप्पल घातली आणि प्राचार्यांना सांगायला गेले.

विद्यानं दार लोटलं. "मॅडम, हे चुकलेलं आहे. विहिरींची खोली मीटरऐवजी फुटांत भरली मी."

"कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"तेव्हा बारा दिवस हातात होते, विद्या. आता सहा आहेत. थांबवलं का नाहीस?"

तिनं हातातला पेढा कागदात गुंडाळला.

"त्याच सकाळी मामांनी चप्पल सोडली होती."