चौकातला एक लाकडी टेकू

२००३, गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरचा दिवस, सकाळ. हजर: मी, धाकटे दीर, सासूबाई. यजमान ऑफिसला गेले होते.

पुण्याच्या एका सल्लागारांची कामं मी रत्नागिरीत घरी बसून करत असे. त्या वर्षी विदर्भातल्या एका कोळसा खाणीचं काम आलं. बोगदे जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकांचं छत कशाने तोलायचं, ते कॉम्प्युटरवर मॉडेल करून ठरवायचं होतं. दीर त्याच खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीचे प्रमुख. दुसऱ्या दिवशी ते परत जाणार होते, आणि माझ्या अहवालावरून त्यांच्या टोळीच्या डोक्यावरचे लाकडी टेकू निघून त्यांच्या जागी बोल्ट येणार होते.

मी बोल्ट घातले तसं पडद्यावरचं लाल छत निळं झालं.

"लालच बरं दिसत होतं गो," सासूबाई म्हणाल्या.

"लाल म्हणजे पडणारं, आई."

"मग निळंच असू दे."

दिरांना मी क्रमाने दाखवलं: दगडाचे थर, वरचं वजन, छतात भोक पाडून बसवायचे पोलादी बोल्ट. मग टेकू काढून टाकले. निळा रंग जराही हलला नाही.

"बोल्ट चांगलेच," दीर म्हणाले. "टेकू वाट अडवतात, कुजतात. पण वहिनी, छत बसायला लागलं की लाकूड आधी करकरतं. ते ऐकून आम्ही पळतो. बोल्ट काही कळवत नाही."

"छत सरकलं की दाखवणारी पट्टी लावता येते, भाऊजी."

"ती बघायला दिवा वर करायला हवा. हातात काम असताना कोण वर बघतोय? कान आपले उघडेच असतात." मग म्हणाले, "मी जा म्हटलं की माझी माणसं त्या छताखाली जातील हो. म्हणून तर विचारतो. जा म्हणू?"

"मॉडेल हो म्हणतंय."

"मॉडेलला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

स्वयंपाकघरातून हाक आली, "छत पडत नाही तोवर जेवून घ्या दोघं!"

जेवण झाल्यावर मी प्रत्येक चौकात एक टेकू परत उभा केला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. त्याच्यावर भार जवळजवळ शून्यच आला. तरी तो ठेवायचा, असं मी दिरांना सांगितलं. त्यांनी हातातली ताकाची वाटी पुन्हा भरून आणली.

अहवालात प्रत्येक आधारापुढे जागा, संख्या, भार आणि कारण लिहावं लागे. पहिले तीन रकाने लगेच भरले. चौथ्यात "आवाज ऐकण्यासाठी" लिहिलं असतं, तर सल्लागारांनी ते खोडलं असतं आणि टेकूही काढला असता. त्यांना नाकारता येणार नाही असं वाक्य हवं होतं. मी बरीच लिहिली आणि खोडली. दुसऱ्या दिवशी दिरांना एसटीत बसवून आले, तेव्हाही तो रकाना भरायचा राहिलाच होता.