गाडीतल्या बाईनं आधीच दाखवलेलं घर

सुरुवातीलाच सांगून टाकते, आमच्या घरात असल्या गोष्टींना कुणी दारात उभं करत नाही. आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत, देवदेवस्की, अंगारे-धुपारे सासऱ्यांनी एकदा उंबऱ्याबाहेर काढले ते परत आत आले नाहीत. त्यात आमचे मालक शाळेत विज्ञान शिकवायचे. सगळं कोल्हापूर त्यांना मास्तर म्हणतं, मीसुद्धा मास्तरच म्हणते. आमची नवी गाडी आली तेव्हा शोरूमच्या पोरांनी हौसेनं पुढं लिंबू-मिरची बांधली होती. मास्तरांनी ती सोडवली, घरी आणली, मिरच्या आमटीत टाकायला लावल्या आणि लिंबाचं सरबत करून प्यायले. मला पण अर्धा पेला दिला! आता अशा माणसाच्या बायकोनं असला अनुभव लिहायचा म्हणजे... पण घडलं ते घडलं. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, पुढचं सगळं लेकीची पुस्तकं वाचून शिकले, तेव्हा लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. आम्ही राजारामपुरीत राहायला. लेक सुजाता दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. गाडी तिनंच घेतलेली, चालवायला पण घरात तिलाच येते. तिनं हौसेनं इरफानच्या दुकानातून गाडीत मोठा स्क्रीन बसवून घेतला. इरफान त्याला 'इन्फोटेनमेंट सिस्टिम' म्हणायचा, आम्ही आपलं 'टीव्ही' म्हणायचो. गाणी लागायची, मागं घेताना मागचं दिसायचं, आणि आत एक बाई होती, ती हिंदीतून रस्ता सांगायची.

पण त्या टीव्हीच्या तऱ्हा काय सांगू! खड्ड्यातून गाडी गेली की गाणं पहिल्यापासून सुरू. कोल्हापुरातले खड्डे तुम्हाला माहीत आहेत... वर्षभरात आम्ही एकही गाणं शेवटापर्यंत ऐकलं नाही. एकदा तर सगळी अक्षरं चिनी झाली. माझ्या मोठ्या नणंदबाई, आक्का, मागं बसल्या होत्या. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "ही पाली असंल. विहारात दाखवून आणा."

शेवटी इरफाननं सॉफ्टवेअर अपडेट केलं. गाणी सुधारली, चिनी गेलं. आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

त्या स्क्रीनवर एक छोटं घराचं चित्र होतं. त्यावर बोट ठेवलं की ती बाई आपल्याला आपल्या घरी नेते. पण त्यासाठी आपल्याला आधी आपलं घर त्यात भरावं लागतं, आम्ही तर भरलंच नव्हतं. अपडेटनंतर सुजातानं सहज बोट ठेवलं, तर निळी रेघ निघाली ती थेट शिरोळच्या बाजूला! पार पलीकडं, उसाच्या मुलखात. तिथं रस्ता नाही, गावाचं नाव नाही, नुसता पांढरा कागद आणि त्यात एक झेंडा.

"माझ्या आयुष्यात मी शिरोळला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा एस्टीनं," सुजाता म्हणाली.

इरफाननं ते पुसलं, आमचं राजारामपुरीचं घर भरलं. दुसऱ्या दिवशी बघतोय तर झेंडा परत शिरोळला. त्यानं पुन्हा अपडेट मारलं. दोन दिवस बरं, मग परत तेच. "चाची, ये मशीन का दिमाग फिर गया है, बदलून देतो," तो म्हणाला. पण मास्तर कुठले सोडतात! म्हणाले, "थांब. बिघाड आहे म्हणजे कारण आहे. आधी कारण सापडू दे."

आता मधेच दुसरी गोष्ट सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या सुजाताचं हसणं. लहानपणापासून अशी खदाखदा हसायची की शेजारच्या गल्लीतली माणसं विचारायची, काय झालं ओ मास्तर? त्याच वर्षी तिला बघायला एक मंडळी आली होती. मुलाच्या मावशीनं चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी हसती लई मोठ्यांदा. सासरी सोसायचं न्हाय ते." झालं. त्या दिवसापासून पोरीनं तोंडावर हात ठेवायला सुरुवात केली. नंतर तर हसूच आटलं. घरातला रेडिओ कुणीतरी बंद करून ठेवावा तसं वाटायचं मला. लग्न होईल न होईल, त्याची मला एवढी काळजी नव्हती. पण ते हसणं परत यावं... रात्रंदिवस तेवढंच माझ्या मनात.

मग बँकेतल्या एका मुलाचं स्थळ आलं. त्यांनी मुलगी बघून पसंत केली होती, आता आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यांचं घर बघायला जायचं. घर शिरोळजवळच्या मळ्यात. सुजातानं आधीच बजावलं, "हे शेवटचं. नाही जमलं तर परत विषय काढायचा नाही." खरं म्हणजे घर बघायला नवरी मुलीनं जायचं नसतं. पण गाडी कोण चालवणार?

आक्का म्हणाल्या, "नवरी मुलगीच डायवर? लोक तोंडात शेण घालतील की!"

सुजाता म्हणाली, "मग आत्या, तुम्ही चालवा."

रविवारी सकाळी निघालो. मास्तरांनी त्या टीव्हीत मुलाच्या गावाचं नाव स्वतःच्या हातानं घातलं, दोनदा तपासलं. नुकती थंडी पडायला लागलेली. जयसिंगपूर सोडून आत वळलो आणि दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. मळ्यातले रस्ते सगळे एकसारखे. ना पाटी, ना माणूस, मोबाईलला रेंज नाही. बाई सांगेल तसं जायचं. एका फाट्यावर ती म्हणाली, "बाएँ मुड़िए." आक्का म्हणाल्या, "मला उजवीकडं वाटतंय." मास्तर म्हणाले, "आक्का, उपग्रह वरनं बघतोय, तू गाडीत बसून बघतीस." वळलो डावीकडं.

जरा पुढं गेल्यावर ऊस संपला. समोर सिमेंटच्या ओट्याचं घर, गोठ्यात दोन म्हशी, दारावर निळा झेंडा, ओट्यावर कोनाड्यात बुद्धांची मूर्ती. आणि ती बाई म्हणाली, "आप घर पहुँच गए हैं."

मास्तर पुटपुटले, "घर का म्हणाली? एरवी मंजिल म्हणते." पण तोवर आतून पदर सावरत एक बाई बाहेर आल्या. शेवंताबाई त्यांचं नाव. "जयभीम, या पावणं, या! उन्हाचं आलासा. आधी पाणी घ्या."

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दारात आलेल्याला आधी गूळपाणी, मग चहा, मग उसाला तोड आली का, कोण कुणाचा पै-पावणा... 'कशासाठी आला' असं विचारणं म्हणजे 'कधी जाणार' असं विचारल्यासारखंच. त्यांनी विचारलं नाही. आणि आम्ही मुलीकडचे, आम्ही पण आपण होऊन विषय काढायचा नसतो. त्यामुळं आम्ही अर्धी दुपार त्या घरात गप्पा मारत बसलो!

आक्का तर पक्क्या. घर बघायला आलोय म्हणजे घर बघितलंच पाहिजे. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यांची मांडणी बघितली, नळ सोडून बघितला, रश्श्यावरचं झाकणसुद्धा उचललं.

"पाणी बारमाही असतं काय?"

"हिर हाय की आमची, कवाच आटत न्हाय."

"आणि न्हाणीघर?"

"या की, दावते," असं म्हणून शेवंताबाई कौतुकानं दाखवत सुटल्या. एकानं विचारावं आणि दुसऱ्यानं दाखवावं, कुणालाच काही खटकलं नाही! सुजाता बाहेर ओट्यावर बसलेली, गप्प, म्हशींकडं बघत.

मला घर आवडलं. खोटं कशाला बोलू, बाईच आवडली. मी मास्तरांना खूण केली आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढं केला.

शेवंताबाईंनी पुडा कपाळाला लावला आणि आनंदानं ओरडल्याच, "आगं बया, पेढं! म्हंजे सुटली म्हणायची सुखरूप! काय झालं, रेडी का रेडा?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. मास्तरांनी वर्गात विचारावं तसं शांतपणे विचारलं, "कुणाला?"

"तुमच्या म्हशीला की!"

"आमच्यात म्हस न्हाय!" आक्का कडाडल्या.

"म्हस न्हाय? मग पेढं कशाचं?"

तेवढ्यात शेणानं भरलेले गमबूट घालून, हातात पिशवी घेऊन एक तरणा माणूस अंगणात आला. शेवंताबाईंचा मुलगा मिलिंद. गुरांचा डॉक्टर. त्याच्या हातून कुणाची म्हैस सुटली की लोक पेढे घेऊन घरी येतात, म्हणून माउलीला आमचं नवल वाटलं नव्हतं. तो दारातच थांबला आणि आमच्या इस्त्रीच्या कपड्यांकडं बघून म्हणाला, "आई, ह्यांची कुठली म्हस? मी न्हाय बघितलेली."

आणि ओट्यावरून आवाज आला. खदाखदा. पोटातून. माझ्या लेकीचं हसणं! दोन्ही म्हशींनी माना वर केल्या. सुजाता हसतेय, डोळ्यांतून पाणी, तोंडावर हात नाही. मी तर तिथंच बसून राहिले. आजूबाजूला काय चाललंय ते मला ऐकूच येईना, तेवढंच ऐकत होते.

मिलिंद तिच्याकडं बघतच राहिला. "असं हसणारं माणूस पायजे बगा गोठ्यात. जनावरं दूध वाढवून देतील."

"म्हणजे मला दाव्याला बांधणार?"

"तुम्हाला कोण बांधतंय ओ! किल्ली तुमच्या हातात दिसतीया." परत हसणं. आता शेवंताबाई पण, मी पण.

नेमकी त्याच वेळी मास्तरांच्या मोबाईलला रेंज आली आणि तो वाजला. बँकेतल्या मुलाचे काका. "कुठं हाय तुम्ही? वाट बघून डोळं दुखलं. आणि ऐकलंय ते खरं काय, पोरगी सवता गाडी चालवत येणार हाय? आमच्यात असलं चालत न्हाय, आधीच सांगतो."

मास्तर ओट्यावरच्या सुजाताकडं बघत होते. म्हणाले, "मग आमच्यात पण तुमचं चालत नाही. जयभीम." आणि फोन ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या क्षणी हा माणूस मला सगळ्यात देखणा दिसला.

"आता म्हस नसली तर नसली," शेवंताबाई म्हणाल्या, "जेवल्याबिगर कोण हलायचं न्हाय. आज आयतवार हाय. तांबडा हाय, पांढरा हाय." मग आक्कांना हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला नवीन घर बांधायचं असंल, म्हणून नळबिळ बघताय."

जेवण झाल्यावर मिलिंद गाडी बघायला आला. स्क्रीनवर नुसता पांढरा कागद, मधे आमची गाडी, आणि गाडीच्या बरोबर खाली तो झेंडा. जो इरफान पुसायचा आणि परत यायचा, तोच.

"हे कुणी भरलं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही."

"आमचा रस्ता अजून ग्रामपंचायतीला ठाऊक न्हाय," तो म्हणाला, "आणि ह्या बाईला बरा म्हाईत!"

पुढचं काय सांगायचं? उन्हाळ्यात विहारात लग्न झालं. सुजाता पांढऱ्या साडीत, आणि वंदना संपल्यावर मिलिंद तिच्या कानात काहीतरी बोलला तर मांडवभर ऐकू गेलं असं हसली. शेवंताबाई सगळ्यांना सांगत होत्या, "ही आमची सून बरं का, ही हसती ती!"

मास्तरांनी त्या झेंड्याचा पिच्छा सोडला नाही. इरफानला विचारलं, मशीन आधी कुणी वापरलेलं होतं का? तो म्हणाला, खोका मी तुमच्यासमोर फोडला. मिलिंदला विचारलं, तुमच्याकडं असलं काही यंत्र होतं? त्याच्याकडं फटफटी, तिचा हॉर्नसुद्धा वाजत नव्हता. उपग्रहाची चूक म्हणावी, तर पुसल्यावर झेंडा परत परत त्याच ओट्यावर कसा येतो? आणि मास्तरांनी गाव दुसरंच घातलं होतं त्या दिवशी, दोनदा तपासून!

लग्नानंतर गाडी सुजाताबरोबर गेली. झेंडा तसाच होता. मग एकदा ती माहेरी आली, चार दिवस राहिली, निघताना चपला घालता घालता म्हणाली, "आई, चल, घरी जाते. म्हशीला दिवस भरलेत."

घरी जाते. तोवर ती 'तिकडं' म्हणायची, 'शिरोळला' म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा 'घरी' म्हणाली. माझं तर तोंड गोडच झालं. ती गाडीत बसली, सवयीनं घराच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि काच खाली करून आम्हाला हाक मारली, "बाबा, इकडं या!"

झेंडा नव्हता. अपडेट कुणी केलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. ती बाई म्हणत होती, घर भरलेलं नाही, भरायचं आहे का?

सुजाता मोठ्यांदा हसली आणि म्हणाली, "नको गं बाई, आता रस्ता मला येतो." गाडी वळवून गेली. तो झेंडा परत कधी उगवला नाही.

मास्तर अजून कारण शोधताहेत. इरफान त्या मशीनला लांबूनच सलाम करतो. तुमच्यापैकी कुणाला ह्यातलं तंत्र कळत असेल तर मास्तरांना जरूर सांगा, त्यांना झोप लागेल. मला नाही सांगितलं तरी चालेल. आमची पोर ज्या ओट्याला घर म्हणायला शिकली, त्याला त्या बाईनं आधीच घर म्हटलं होतं. कसं, ते मला माहीत नाही... आणि आता विचारायला ती बाई पण गप्प आहे.