इवाईबुवांच्या गाडीचे दिवे

माझ्या मुलीच्या सासऱ्यांनी परदेशी बनावटीची मोठी गाडी घेतली, तेव्हा ती गाडी तेरा वर्षांची होती. ते स्वतः मात्र ‘थोडी वापरलेली’ एवढंच सांगत. वापरणारा पुण्याचा बिल्डर होता, त्याच्याआधी आणखी कोणी होता, आणि त्याच्याआधीचं विचारू नये. इवाईंचं, म्हणजे आमच्या व्याह्यांचं, अकोल्याला खता-बियाण्याचं दुकान आहे. दुकानात कालबाह्य झालेली पाकिटं ते स्वतः वेचून बाजूला काढतात. गाडीला तो नियम त्यांनी लावला नाही.

मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी. श्रावण होता. हॉलच्या दारासमोर ती अशी उभी केली होती की आत जाणाऱ्याला तिला वळसा घालूनच जावं लागे. पाहुणे बोनेटवरच्या चिन्हाकडे पाहत होते. मी दिवे पाहत होतो. दोन्ही दिव्यांवरचं प्लास्टिक जुन्या तेलाच्या कॅनसारखं पिवळं पडलं होतं आणि डाव्या दिव्यात आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. त्या दिवशी पाऊस बाहेर कमी आणि दिव्यात जास्त होता.

“पाह्यलं का इवाईबुवा,” इवाई म्हणाले, “नवीन घ्याले गेलं तर पाऊण कोटी लागते. आपल्याले पडली ट्रॅक्टरच्या भावात.”

“हाव,” मी म्हणालो.

“सून याच गाडीत येईन अमरावतीहून. तुमी काई चिंता नका करू.”

चिंता तिथूनच सुरू झाली. लग्न मार्गशीर्षात होतं. मार्गशीर्षात सहाच्या आत अंधार पडतो आणि आपल्याकडे वरात वेळेवर निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. अमरावती ते अकोला जवळपास शंभर किलोमीटर. तो हंगाम कापसाचा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी फुगलेला कापूस भरून ट्रॅक्टर रस्त्यानं चाललेले असतात आणि त्यांच्या मागे लाल दिवा नसतो, असलाच तर कापसाखाली असतो. पूर्वी हा रस्ता इतका वाईट होता की कोणी वेगात जाऊच शकत नसे. आता तो चांगला झाला आहे, म्हणजे ज्याला दिसत नाही तोही ऐंशीनं जातो. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. त्या पिवळ्या दिव्यांचा उजेड बावीस मीटर तरी जाईल का, याबद्दल मला शंका होती. थोडक्यात, ट्रॅक्टर दिसेपर्यंत ट्रॅक्टर आलेला असेल, आणि मागच्या सीटवर माझी मुलगी असेल.

परत येताना हे सगळं मी बायकोला मांडून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हिशोब बराबर आहे. पण तुमी बोलू नका.”

“कावून?”

“तुमी पोरीचे बाप आहात.”

आमच्याकडे साक्षगंध झालं की मुलीच्या बापाला डोळे राहतात, तोंड राहत नाही. वरपक्षाच्या जेवणात, घरात, पोरात आणि वाहनात खोट काढायची नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही. मी आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत साहेबांच्या तोंडावर ‘हा आकडा चुकला’ म्हणत आलो आणि त्यापायी दोनदा बदली घेतली. पण इवाईबुवांच्या दिव्याला पिवळं म्हणणं मला शक्य नव्हतं.

त्यासाठी मध्यस्थ असतो. आमचा मध्यस्थ म्हणजे बायकोच्या मावशीचे यजमान. ही सोयरीक त्यांनीच जुळवली. दोन्हीकडे त्यांना मावसा म्हणतात आणि दोन्हीकडे ते जेवतात. मी त्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि निरोप सांगितला: दिवे पिवळे पडले आहेत, उजेड पुढे जात नाही, लग्नाआधी दोन्ही दिवे बदलून घ्या.

“सांगतो नं, बिनधास्त राहा,” मावसा म्हणाले.

मध्यस्थाचं काम निरोप पोचवणं नसून निरोप गोड करणं असतं, हे मला नंतर समजलं. मावशांनी अकोल्याला जाऊन सांगितलं, “मुलीकडचे गाडीवर फिदा आहेत. म्हणतात, दिवे तेवढे चमकवून घ्या, फोटोत भारी दिसन.”

इवाईंनी दिवे चमकवले. आधी टूथपेस्ट घासली. टूथपेस्टचा परिणाम दुसऱ्या धुण्यापर्यंत टिकला. मग त्यांनी एका दुकानात नेऊन पाणी-पेपरनं घासून घेतले. दिवे खरोखर आरशासारखे झाले. घराच्या ग्रुपवर फोटो आला, खाली चाळीस अंगठे आले, त्यात एक माझाही होता. आता त्या प्लास्टिकवर कंपनीतून येतानाच उन्हापासून वाचवणारा थर असतो. पिवळेपणा घासला की तो थरही निघतो आणि वरून नवा मारावा लागतो. तो वाळायला गाडी दिवसभर दुकानात ठेवायची होती. पण त्याच दिवशी इवाईंना शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं आणि तिथे ते जुन्या जीपनं जाणार नव्हते. थर राहिला. अकोल्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. महिन्याभरात दिवे आधीपेक्षा जास्त धुरकट झाले. मध्येच दसरा आला. इहीणबाईंनी, म्हणजे मुलीच्या सासूबाईंनी, भक्तिभावानं तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक दोन्ही दिव्यांवर काढलं. उघड्या पडलेल्या प्लास्टिकनं ते पिऊन टाकलं. ते आजपर्यंत निघालेलं नाही.

मी दुसरा निरोप पाठवला. या वेळी मी अगदी सोपा ठेवला: डाव्या दिव्यात पाणी जातं, ते पाहून घ्या.

मावशांनी तो पोचवला तो असा: “ते म्हणतात, एवढ्या महाग दिव्यात धूळपाणी जाऊ देऊ नका. चांगले पॅक करून घ्या.”

इवाईंनी सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि जिथे फट दिसली तिथे भरल्या. दिव्याच्या मागच्या बाजूला श्वास घ्यायला बारीक भोकं ठेवलेली असतात, आतला दमटपणा त्यातून जातो. ती त्यांना फटींपेक्षाही आधी दिसली. बाहेरचं पाणी आत येणं बंद झालं, ही गोष्ट खरी. आतलं पाणीही बाहेर जाणं बंद झालं. त्या जातीच्या दिव्याला पेटवायला खाली एक छोटा डबा असतो. तो डबा दिवाळीपर्यंत पाण्यात बसला आणि मेला. डावा दिवा गेला. त्याला हात घालायचा तर पुढचा अख्खा बंपर उतरवावा लागतो, आणि बंपरला इवाईंनी लग्नासाठी नुकताच रंग दिला होता. रंग महत्त्वाचा ठरला.

ही बातमी मावशांनीच आणली. सांगताना ते म्हणाले, “पण इवाई खुश आहेत. म्हणतात, पोरीकडचे किती बारीक लक्ष देऊन राहिले गाडीवर.”

मी तिसरा निरोप तयार करत होतो. बायको म्हणाली, “आता राहू द्या. एक दिवा शिल्लक आहे.”

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. दिवा दुरुस्त होत नसेल तर अंधार टाळायचा. लग्न अकराचं धरलं, पंगती दोनला संपवायच्या ठरवल्या, पाठवणी चारला. हॉलवाल्याला, वाढप्यांना, भटजींना आणि बँडवाल्याला मी स्वतः भेटून वेळ सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वरपक्षाला वेळ सांगायची सोय नव्हती.

वरात हॉलपासून हाकेच्या अंतरावर दीड तास नाचली. नवरदेव त्या गाडीत बसला होता आणि गाडी बैलाच्या चालीनं सरकत होती. सजावटवाल्यानं दोन्ही दिव्यांवरून आडवा झेंडूचा जाड हार बांधला होता. म्हणजे जो दिवा चालू होता त्याच्याही डोळ्यावर फुलं आली. मला हे पाहून राग आला नाही. चार महिन्यांत राग वापरून संपला होता.

मुलगी जाण्यासाठी बाहेर आली तेव्हा हॉलच्या पाटीवरचे दिवे लागले होते. बायका रडत होत्या. माझं लक्ष गाडीकडे होतं आणि याबद्दल मला लोकांनी नंतर बरंच ऐकवलं. इवाई स्टिअरिंगवर बसले आणि गाडी सुरू केली. पुढे अंधारच राहिला.

मी खिडकीशी गेलो. “इवाईबुवा, दिवे?”

“ऑटोमॅटिक आहेत,” ते म्हणाले. “अंधार पडला की आपोआप लागतात.”

“पडला नं अंधार.”

“गाडीच्या हिशोबानं नाही पडला अजून.”

गाडीच्या हिशेबानंही अखेर तो पडला. उजवा दिवा दोनदा फडफडला आणि लागला. त्यात कोणीतरी निळसर बल्ब घातलेला होता आणि त्याची खाली-वर होणारी यंत्रणा बिघडलेली असावी, कारण सगळा उजेड समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर पडला. तिथले बगळे उठले. रस्त्यावर काहीच पडलं नाही. डाव्या दिव्याच्या जागी झेंडू होता.

मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं थंड होती. तिलाही तो हिशेब पाठ होता, पण तिनं सोडलं नाही. मी तोंड मिटलं. त्या क्षणी त्या रीतीबद्दल जे मला वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी गाडीत बसायला वाकली होती. ती सरळ झाली, शालू सावरत गाडीच्या पुढे गेली आणि दिव्यांकडे पाहत उभी राहिली. सनई वाजत होती ती वाजवणाऱ्यानं थांबवली.

“मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली, “हा दिवा लागत नाही. अन हा लागते थो झाडाले दाखवते. मी याच्यात नाही बसत.”

मावसा पुढे धावले. “बेटा, पोरीच्या जातीनं असं, अन तेबी पोरीकडच्यानं...”

“मी कुठची पोरीकडची?” ती म्हणाली. “अक्षता पडल्या नं दुपारी? मी आता मुलाकडची. आपल्या घरच्या गाडीत खोट हाय ते आपणच सांगाव नं?”

तिनं नियम मोडला नव्हता. नियमातच बसून बोलली होती, आणि चार महिने मला जे सुचलं नाही ते तिला हळद अंगावर असताना सुचलं. इवाईंनी मुलाकडे पाहिलं. जावई आमचा मितभाषी आहे. तो खाली पाहत म्हणाला, “मी तर संध्याकाळनंतर नेतच नाही ही गाडी, बाबा. तुमाले म्हटलं नाही एवढंच.”

म्हणजे घरातही कोणी बोललं नव्हतं. रीत फक्त माझ्याकडेच नव्हती.

मी खिशातून माझ्या गाडीची चावी काढली. माझी गाडी छोटी, देशी, पांढरी. तिचे दिवे मी दर दिवाळीला भिंतीसमोर उभी करून तपासतो. जावई स्टिअरिंगवर बसला, मुलगी शेजारी, तिची पाठराखीण मागे. तेवढ्यात इहीणबाई मोठ्या गाडीतून उतरल्या आणि पाठराखणीला सरकवून छोट्या गाडीत मागे बसल्या.

“तू काहून उतरली?” इवाईंनी विचारलं.

“मले सुनेसंगं बोलाचं हाय,” त्या म्हणाल्या, आणि काच वर केली.

मोठ्या गाडीत इवाई एकटे उरले. मी मावशांना हाताला धरून त्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. “निरोप द्याले कोणीतरी पाहिजे,” मी म्हटलं. त्यांनी पट्टा लावला. त्यांना पट्टा लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

अशी वरात निघाली. पुढे माझी गाडी, मागे पाऊण कोटीची. तिला माझ्या गाडीचे मागचे लाल दिवे धरूनच जायचं होतं, म्हणून अकोल्यापर्यंत ती ओळीनं मागे राहिली. मूर्तिजापूरच्या पुढे कापसाचा एक ट्रॅक्टर आडवा लागला. माझ्या गाडीच्या उजेडात तो लांबूनच दिसला, जावयानं गाडी हळू केली आणि बाजूनं काढली. हे मुलीनं मला पोचल्यावर फोनवर सांगितलं. ती सहज बोलत होती. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसून राहिलो आणि बायको आत मंडपाचं सामान मोजण्याचं नाटक करत राहिली.

आठवड्यानं मावसा माझी गाडी परत घेऊन आले. टाकी भरलेली होती, सीटवर पेढ्यांचा डबा होता. चहा घेताना त्यांनी घसा साफ केला.

“इवाईंनी निरोप दिला. तुमची गाडी चांगली हाय म्हणे. पण दिवे थोडे पिवळे वाटले, पाहून घ्या.”

तो निरोप मावशांनी रस्त्यात जराही गोड केला नव्हता. मुलाकडच्यांचे निरोप गोड करायची पद्धत नाही.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे तोंड बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन मी दोन्ही बल्ब बदलून आणले. संक्रांतीला मुलगी त्याच रस्त्यानं माहेरी येणार होती, आणि तिला आणायला माझी गाडी जाणार होती.