खात्याचं नाव

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या ऑपरेटरला सगळे मास्तर म्हणत. ऑनलाइन खातं उघडताना माणूस कोणतं नाव घेतो, यावरून मास्तर त्याची कुंडलीच मांडायचे. नावापुढे जन्मसाल लावणारा सरळमार्गी आणि 'किंग' लावणारा घरात हमखास भिजलेलं मांजर.

एकदा पन्नाशीच्या एका गृहस्थांनी 'मीएकटाच' हे नाव सांगितलं. त्यांची बायको बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, वहिनी आहेत की बाहेर," मास्तर हसून म्हणाले.

"असू दे. तेच टाका."

मास्तरांनी टाकलं.

दोन महिन्यांनी गृहस्थ बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरायला आले. जिन्यावरून पडली, म्हणाले. त्या दिवसापासून मास्तरांनी कुंडल्या मांडणं सोडलं.

वर्षभराने गृहस्थ पुन्हा आले, खात्यातला पत्ता बदलायला. सोबत नवी बायको होती. ती बाहेर त्याच बाकावर टेकली. मास्तरांनी खातं उघडलं. नाव तेच होतं, 'मीएकटाच'.

"आता नावही बदलायचं असेल ना?"

गृहस्थांनी काचेतून तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"कशाला? असू दे तेच."